गुलाबांखालच्या दहा आज्ञा

सगळा घोटाळा दुसऱ्या बिस्किटापायी झाला.

पहिलं बिस्किट नेव्हिल ब्रॅमवेलने रीतसर खाल्लं होतं. मुलांच्या बुटक्या खुर्चीवर गुडघे हनुवटीशी घेऊन, कपबशी सांभाळत, एकही कण खाली न सांडता. हॅदर्सले गावात सभेला गेलं की चहाबरोबर एक बिस्किट घ्यायचं आणि दुसऱ्याकडे बघायचंसुद्धा नाही, अशी रीत होती. ती कुठे लिहिलेली नव्हती, म्हणून ती कधी कुणी मोडलेली नव्हती. पण त्या संध्याकाळी मुख्याध्यापिका मिसेस कॉर्डिंग्ली प्राथमिक शाळेच्या शेवटच्या वर्षातल्या मुलांच्या पालकांना मे महिन्यातली सरकारी परीक्षा समजावून सांगत होत्या, आणि ते समजावणं इतकं लांबलं, की नेव्हिलचा हात आपसूक बशीकडे निघाला.

"या परीक्षेत पास-नापास नसतं," बाई सांगत होत्या. "पायऱ्या असतात. अकरा वर्षांच्या मुलाने साधारण चौथ्या पायरीवर असावं, अशी अपेक्षा आहे. याचा पुढच्या शाळेच्या प्रवेशाशी काही संबंध नाही. समजलं ना सगळ्यांना?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. कुणालाही काहीही समजलेलं नव्हतं. पण चारचौघांत 'मला समजलं नाही' म्हणण्यापेक्षा हॅदर्सलेच्या माणसाने भर रस्त्यात विजार काढली असती.

"आमच्या तोंडून ऐकताना पालक बिचकतात," बाई म्हणाल्या. "तेव्हा तुमच्यापैकीच कुणीतरी सगळ्यांना जमवून, साध्या भाषेत हे सांगितलं, तर फार बरं होईल. कोण पुढे येतंय?"

नेमका त्याच क्षणी नेव्हिलचा हात हवेत होता.

"वा! मिस्टर ब्रॅमवेल!"

टाळ्या पडल्या. आता यातून सुटायची वाट एकच होती. 'मी दुसरं बिस्किट घेत होतो' असं उभं राहून सांगायचं. नेव्हिलने हात तसाच वर ठेवला, घसा साफ केला आणि म्हणाला, "आनंदाने."

घरी जाताना त्याची बायको ग्लेनिस कोपऱ्यापर्यंत त्याच्या पुढे चालली. मग म्हणाली, "तुला समजलं तरी का त्या काय म्हणाल्या ते?"

"साधारण."

"साधारण म्हणजे?"

"म्हणजे पायऱ्या असतात," नेव्हिल म्हणाला.

नेव्हिल नगरपालिकेच्या रस्त्यावरच्या दिव्यांच्या खात्यात होता. हाताखाली दोन कारकून आणि एक शिडी. नियमाचा माणूस. पाटीवर 'हिरवळीवरून चालू नये' असं लिहिलेलं असेल, तर हिरवळ उखडून तिथे चिखल झाला तरी हा आपला वळसा घालून जाणार. एकदा घेतलेलं काम हा नीट केल्याशिवाय सोडणार नाही, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं, आणि म्हणूनच दुसऱ्या दिवसापासून गल्ली त्याच्या मदतीला धावून आली.

पहिले आले शेजारचे ऑसवल्ड टॅटरसॉल. टपाल खात्यातून निवृत्त झालेले आणि लग्न न केल्यामुळे मुलांविषयी सगळं जाणणारे गृहस्थ. कुंपणावरून ते सांगू लागले, "अरे नेव्हिल, पोरीला मासे दे. नाश्त्याला भाजलेला मासा, दुपारी माशाचं सँडविच, आणि झोपताना चमचाभर माशाचं तेल. मेंदू कसा चालतो बघ!"

"तिला मासे आवडत नाहीत हो."

"आवडीचा प्रश्न येतोच कुठे? परीक्षा आहे!"

कोपऱ्यावरचा खाटीक ओग्डेन, त्याचाही मुलगा नेव्हिलच्या मुलीच्या, हेझलच्याच वर्गात, म्हणाला की मासे थोतांड आहे, मेंदूला लागते कलेजी. ग्लेनिसच्या बहिणीने शिकवणीचा आग्रह धरला. दूधवाला बाटल्या ठेवताना सांगून गेला, की पलीकडच्या गावात पोरांना आतापासूनच घड्याळ लावून बसवतात. नेव्हिलची आई एडना दोन घरं सोडून राहायची. तिने तेवढा कसला उपाय सुचवला नाही. "पोरगी हुशार आहे, तिला तिच्या कलाने राहू द्या," एवढंच म्हणाली, आणि अर्थातच तिच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

आणि इथेच नेव्हिल घसरला. लोकांना समजावून सांगायचं, तर आधी आपली मुलगी तयार हवी, असं त्याच्या मनाने घेतलं. हेझलला शाळेत सोडायला तो रोज पायी जात असे. ती वाट म्हणजे त्या दोघांचं राज्य होतं. कालव्याच्या पुलावर थुंकी टाकून ती पाण्यात पडायला किती वेळ लागतो ते बघायचं. भिंतीवर बसणाऱ्या प्रत्येक मांजराला नाव द्यायचं. बेकरीच्या झरोक्यातून येणारी गरम हवा पायांना लागू द्यायची. घरोघरी पायरीवर दुधाच्या बाटल्या असायच्या, आणि त्यांच्या चंदेरी झाकणांना चिमण्यांनी भोकं पाडलेली असायची. आजकाल ना त्या बाटल्या दिसतात, ना ती झाकणं. पण त्या वर्षी फेब्रुवारीपासून त्या वाटेवर गणित शिरलं.

"डॅड, ते बघ, मोडक्या नाकाचं मांजर! आपण त्याचं नाव काय ठेवलं होतं?"

"ते राहू दे. दारात चार बाटल्या आहेत, एक रिकामी. भरलेल्या किती टक्के?"

"पंचाहत्तर. डॅड, त्याचं नाव—"

"शाबास! आणि त्यातली एक फुटली तर?"

हेझलने मांजराकडे वळून बघितलं आणि उत्तर दिलं. उत्तर बरोबर होतं. मार्च लागला तेव्हा तिने मांजरांविषयी विचारणं सोडलं, आणि रोज सकाळी तिच्या पोटात दुखू लागलं.

"औषध आणू का?" नेव्हिलने विचारलं.

"औषध तुला हवंय," ग्लेनिस म्हणाली. "पोरीला काही झालेलं नाही. तुझी भीती तिला लागलीय, सर्दी लागते तशी."

"मला कसली भीती?"

"ते मला नको विचारूस. लेनर्डला विचार."

यावर नेव्हिल बाहेर जाऊन कचऱ्याचा डबा सरळ करून आला. डबा सरळच होता.

लेनर्ड हा त्याचा थोरला भाऊ. त्यांच्या लहानपणी अकराव्या वर्षी एक परीक्षा असायची, आणि ती मात्र खरी पास-नापासची. पास झालेली मुलं टोपी घालून मोठ्या शाळेत जायची, राहिलेली दुसरीकडे. आणि गल्लीतली पद्धत अशी, की बाप मुलाला सांगायचा, 'पास झालास तर सायकल.' लेनर्डला टोपी मिळाली आणि निळी सायकलही. दोन वर्षांनी नेव्हिलची पाळी आली. नेव्हिल नापास झाला. घरात कुणी ओरडलं नाही, कुणी रडलं नाही. वडिलांनी वर्तमानपत्राची घडी घातली आणि म्हणाले, "चहा गार होतोय." बस्स, एवढंच. लेनर्ड पुढे दक्षिणेकडे मोठ्या हुद्द्यावर गेला. नाताळात भाऊ भेटायचे तेव्हा कुठल्या रस्त्याने आलास आणि कुठे गर्दी लागली, यापलीकडे त्यांच्यात बोलणं व्हायचं नाही. नेव्हिल आयुष्यात कधी सायकलवर बसला नाही. हेझलनेही कितीदा मागितली. "रस्ते धोक्याचे झालेत," असं तो सांगायचा, आणि रस्त्यावरच्या दिव्यांचा अधिकारीच असं म्हणतो म्हटल्यावर पुढे कोण काय बोलणार!

एका रात्री अंथरुणात हेझलने विचारलं, "डॅड, मी नापास झाले तर?"

"या परीक्षेत नापास नसतंच मुळी. बाईंनी सांगितलंय."

"ते तुला पटलंय का?"

नेव्हिलने दिवा मालवला. आपल्या मुलीच्या पोटात जो गोळा उठतो तो कुठून आला, हे त्याला त्या अंधारात लख्ख दिसलं, आणि त्याला स्वतःची लाज वाटली. पण लाज वाटली की हॅदर्सलेचा माणूस बोलत नाही, कामाला लागतो. नेव्हिलने ठरवलं, की पालकांची सभा अशी घ्यायची, की सगळ्यांची भीती एकदाची जाईल. नुसती भाषणबाजी नाही. पालकांनाच परीक्षेला बसवायचं! जुनी गणिताची प्रश्नपत्रिका, पेन्सिली, वेळ लावून, अगदी खरीखुरी. मुलांनी ती तपासायची. म्हणजे मुलांनाही कळेल, की आकाश काही कोसळत नाही.

कल्पना चांगली होती. चांगल्या कल्पनेला जागा लागते, आणि जागेला मिस थ्वेट लागते.

मिस थ्वेट चर्चच्या सभागृहाच्या चिटणीस होत्या. किल्ली त्यांच्या गळ्यात असायची. सभागृह मिळवायला आधी अर्ज, मग समितीची बैठक, मग 'परीक्षा ही करमणूक की शिक्षण' यावर वाद, कारण दोन्हींचे नियम निराळे. "चहा होणार असेल तर करमणूक," असा निकाल लागला. चहाची मोठी किटली वापरायला वेगळी परवानगी. ती परवानगी ज्यांच्याकडे होती ते गृहस्थ मुलीकडे गेलेले. ते परत येईपर्यंत एप्रिल संपत आला.

शेवटी मिस थ्वेटनी किल्ली दिली आणि भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. "मिस्टर ब्रॅमवेल, एवढं वाचून घ्या."

पाटीवर लिहिलं होतं: भिंतींना टाचण्या लावू नयेत. भिंतींना चिकटपट्टी लावू नये.

"चिंताच नको," नेव्हिल म्हणाला. नियमाच्या बाबतीत त्याला कुणी काही सांगावं, हे त्याला जरा लागलंच.

आता अडचण अशी होती, की खऱ्या परीक्षेच्या वेळी शाळेत भिंतींवरचे तक्ते, पाढे, आकडे सगळं झाकून ठेवतात. मुलांना वर बघून उत्तर सापडू नये म्हणून. हे बाईंनीच सांगितलं होतं. आणि चर्चच्या सभागृहाच्या भिंती म्हणजे आकड्यांचा बाजार. आजवरच्या सगळ्या पाद्र्यांची नावं सालांसकट सोनेरी अक्षरांत. महायुद्धात गेलेल्यांची यादी. आणि मधोमध, मिस थ्वेटच्या आजोबांनी रंगवून घेतलेल्या बायबलमधल्या दहा आज्ञा, एक ते दहा क्रमांक घातलेल्या.

"दहा आज्ञा वाचून कुणाला गणित येणार आहे का?" ग्लेनिसने विचारलं.

"क्रमांक आहेत त्यांना," नेव्हिल म्हणाला. "झाकायचं म्हणजे सगळं झाकायचं."

युद्धातल्यांची यादी त्याने झाकली नाही. तिच्यापुढे तो टोपी काढून क्षणभर उभा राहिला आणि तिच्याखाली कुणी बसणार नाही अशी खुर्च्यांची मांडणी केली. उरलेल्यांसाठी कागद हवा होता. घरात माळ्यावर झोपायच्या खोलीचा उरलेला वॉलपेपर पडला होता, बशीएवढ्या गुलाबी गुलाबांचा. आता तो लावायचा कसा? टाचणी नको. चिकटपट्टी नको. नेव्हिलने पाटी पुन्हा एकदा नीट वाचली. खळीविषयी त्यात अवाक्षर नव्हतं.

मग काय! बादलीभर खळ कालवली, मोठा ब्रश घेतला आणि दहा आज्ञांवर, पाद्र्यांवर, धर्मादाय पेटीच्या सूचनेवर गुलाब फुलवले. हवेचा एक बुडबुडा राहू दिला नाही. काम इतकं सफाईदार झालं होतं, की शिवण कुठे आहे ते शोधून सापडेना.

सभेला तोबा गर्दी झाली. फुकट चहा आणि शेजाऱ्याची फजिती एका तिकिटात म्हटल्यावर कोण घरी बसेल? ज्यांना मुलंबाळं नाहीत तेही आले. टॅटरसॉल पहिल्या रांगेत. एडना किटलीपाशी. मिस थ्वेट दारातून आत आल्या, गुलाब बघितले, आणि "ही... सजावट आहे का?" असं विचारून खुर्चीत बसल्या. नेव्हिलने थोडक्यात पायऱ्या समजावल्या, पेपर वाटले आणि घड्याळ लावलं. स्वतःही एक पेपर घेऊन बसला.

काय सांगावं तुम्हाला! मिनिटभर शांतता, आणि मग सगळ्या सभागृहाचं वय अकरा झालं. खाटीक ओग्डेन हाताचा आडोसा करून लिहू लागला आणि स्वतः मात्र पलीकडच्या बाईंच्या पेपरात डोकावू लागला. त्या बाईंनी तक्रार केली. बँकेतले एक साहेब शौचालयात गेले ते बराच वेळ आलेच नाहीत. टॅटरसॉल मोठ्याने म्हणाले, "या पाचव्या प्रश्नातली आगगाडी इतकी उशिरा का निघते?" ग्लेनिस पेन्सिल चावत बसली. मिस थ्वेटना घाम फुटला. आणि भिंतीलगत उभी असलेली पोरं हे सगळं डोळे विस्फारून बघत होती. आपले आईबाप घाबरू शकतात ही बातमी त्यांना नवीन होती. हेझल तर तोंडावर हात धरून हसत होती. कितीतरी दिवसांनी हसत होती. नेव्हिलने ते बघितलं, आणि सातव्या प्रश्नावरचं त्याचं लक्ष उडालं.

वेळ संपली. मुलांनी तपासायला घेतलं. नेव्हिलचा पेपर हेझलच्या वाट्याला आला.

सातवा प्रश्न असा होता: एकशेवीस मीटर लांबीच्या सरळ रस्त्यावर, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, दर वीस मीटरवर दिव्याचा एक खांब आहे. एकूण खांब किती?

"डॅड," हेझल हळूच म्हणाली, "तू सहा लिहिलंयस."

"सहाच. एकशेवीस भागिले वीस."

"सात होतात. सुरुवातीला पण एक खांब असतो ना."

सभागृहात क्षणभर टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती, पण टाचण्यांना तिथे बंदी होती. मग टॅटरसॉल उठून उभे राहिले.

"म्हणजे गल्लीच्या तोंडाशी अंधार का असतो ते आज कळलं! वीस वर्षं मी तिथे ठेचकाळतोय!"

छप्पर उडेल असा हशा पिकला. मिस थ्वेटसुद्धा हसल्या. नेव्हिलचे कान लाल झाले. नगरपालिकेच्या दिव्यांचा अधिकारी खांब मोजायला चुकला! अकराव्या वर्षीची ती निकालाची सकाळ त्याच्या छातीत पुन्हा येऊन बसली. तो हसण्याचा प्रयत्न करत होता, पण तोंड काही ऐकेना.

हेझलने बापाकडे बघितलं. मग उत्तरांच्या कागदावर बोट ठेवून ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "थांबा! हा दोन गुणांचा प्रश्न आहे. उत्तर चुकलं पण वाट बरोबर असेल, तर एक गुण द्यायचा. इथे लिहिलंय. डॅडने भागाकार करून दाखवलाय. त्याला एक गुण आहे."

"असं असतं?" नेव्हिलने विचारलं.

"हो. उत्तराकडेच बघत नाहीत नुसतं. कसा गेलास ते पण बघतात."

नेव्हिलला हे कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणजे बाईंनी सांगितलं असणार, पण तेव्हा तो बिस्किटाकडे बघत होता.

सभा उत्तम झाली. पालक हसत, एकमेकांचे गुण विचारत घरी गेले. मिसेस कॉर्डिंग्लींनी त्याचा हात हातात घेऊन आभार मानले. खुर्च्या उचलल्या, कप धुतले, आणि मग नेव्हिलने गुलाबाचं एक टोक धरून ओढलं.

काही झालं नाही. दोन्ही हातांनी ओढलं, तेव्हा टिचभर तुकडा निघाला आणि त्याला चिकटून एका पाद्र्याचं आडनाव आलं.

मिस थ्वेट मागेच उभ्या होत्या. "मिस्टर ब्रॅमवेल," त्या म्हणाल्या, "माझ्या आजोबांच्या दहा आज्ञा कुठे आहेत?"

"पाटीवर खळीबद्दल काही लिहिलेलं नव्हतं हो," नेव्हिल म्हणाला. त्याचा आवाज त्याला स्वतःलाच अकरा वर्षांच्या मुलासारखा वाटला.

शनिवारी सकाळी चौघं जण ओली फडकी, बोथट पाती आणि उकळत्या किटल्या घेऊन सभागृहात हजर होते. नेव्हिल, हेझल, एडना आणि मदतीला टॅटरसॉल, म्हणजे सूचना द्यायला. परीक्षा सोमवारी होती. पण त्या दिवशी कुणी गणिताचं नाव काढलं नाही. वाफ द्यायची, थांबायचं, अलगद खरवडायचं. पहिली आज्ञा तासाभराने वर आली.

"सावकाश रे," टॅटरसॉल म्हणाले. "तुझा बाप बघ, कसा हळुवार हाताने पुसायचा सायकल. रंगाला ओरखडा म्हणून नाही."

"लेनर्डची?" नेव्हिलने विचारलं.

"छे! तुझी."

"ऑसवल्ड!" एडना ओरडली.

टॅटरसॉलनी तोंडावर हात ठेवला. पण बाण सुटला होता. नेव्हिलच्या हातातलं पातं तिसऱ्या आज्ञेवर थांबलं. "माझी कुठली सायकल?"

एडनाने किटली खाली ठेवली. म्हातारीने ओल्या फडक्याला हात पुसले, पुन्हा पुसले. "निळी होती," ती म्हणाली. "लेनर्डच्यासारखीच. निकालाच्या आधीच घेऊन आला होता. आमचा नेव्हिल मेहनत करतोय, त्याला सायकल मिळायलाच हवी, म्हणाला. या ऑसवल्डच्या शेडमध्ये लपवली."

"मग?"

"मग तू नापास झालास. आणि त्याने तर शब्द दिला होता, पास झालास तर. मी म्हटलं, जाऊ दे तो शब्द, देऊन टाक पोराला. तर म्हणाला, लेनर्डने पास होऊन मिळवली, याला अशीच दिली तर लेनर्डला काय वाटेल? शब्द म्हणजे शब्द. तुझ्यासारखाच रे तो. पाटीवर लिहिलेलं एक अक्षर मोडायचा नाही. पण रोज संध्याकाळी जाऊन ती पुसायचा, तेल घालायचा."

"मला वाटायचं बाबा डॉमिनो खेळायला जातात. यांच्याकडे."

"मला डॉमिनो येतच नाही," टॅटरसॉल म्हणाले. त्यांनी नाक शिंकरलं. "तो शेडमध्ये असायचा तेव्हा मी आत जायचो नाही. बाहेरून ऐकू यायचं."

"काय ऐकू यायचं?"

टॅटरसॉलनी पुन्हा नाक शिंकरलं. "शेवटी माझ्या भाच्याला देऊन टाकली ती," एवढंच म्हणाले.

नेव्हिलला रडू आलं. चांगला पंचेचाळीस वर्षांचा माणूस, हातात पातं, केसांत गुलाबाचे तुकडे, आणि गालांवरून पाणी. किटलीची वाफ फार झालीय, असं तो म्हणाला, आणि सगळ्यांनी ते मान्य केलं. इतकी वर्षं त्याला वाटत आलं होतं, की वडिलांना त्या दिवशी फक्त चहाची काळजी होती.

हेझल बादलीवर बसून सगळं ऐकत होती. तिने मान एका बाजूला कलती केली. गणित सोडवताना करायची तशी.

"म्हणजे आजोबांची वाट बरोबर होती," ती म्हणाली. "फक्त उत्तर चुकलं."

एडनाने किटली पुन्हा उचलली.

"दोनपैकी एक गुण द्यायला हवा, डॅड."

"हो," नेव्हिल म्हणाला. जरा वेळाने पुन्हा म्हणाला, "हो, द्यायला हवा." मग त्याने पातं खाली ठेवलं, आईला 'आलोच' म्हणून सांगितलं आणि दुकान बंद व्हायच्या आत पोचायचं म्हणून गावातून अक्षरशः धावत गेला.

सोमवारी सकाळी हेझल दप्तर घेऊन खाली आली, तर दारात सायकल उभी. लाल. निळी दुकानात नव्हती.

"डॅड! पण परीक्षा तर आज आहे!"

"मग?"

"निकाल जुलैत लागणार."

"निकालाचा आणि सायकलचा काय संबंध?" नेव्हिल म्हणाला. "बस. परीक्षेआधी शाळेत सगळ्यांना टोस्ट देणार आहेत, गार होईल."

हेझलला सायकल येत होती. मैत्रिणीच्या सायकलवर चर्चच्या मागे ती केव्हाच शिकली होती, आणि हे सगळ्या गल्लीला माहीत होतं, फक्त दिव्यांच्या अधिकाऱ्याला माहीत नव्हतं. ती कालव्याच्या पुलापर्यंत जाऊन थांबली, वळली आणि ओरडली, "मार्माइट! त्या मांजराचं नाव मार्माइट होतं!" नेव्हिल मागून चालत होता. त्याने हात हलवला. तिच्या पोटात काही दुखत नव्हतं. पुढच्या वर्षी ती मोठ्या शाळेत बसने जाणार होती, आणि या वाटेवर तो एकटाही येणार नव्हता, कारण त्याला इथे यायचं कारणच उरणार नव्हतं. त्याने ती वाट त्या दिवशी पोटभर बघून घेतली.

निकाल लागला. तिला चौथी पायरी मिळाली की पाचवी, हे आज गल्लीत कुणालाच आठवत नाही. ग्लेनिस पाचवी म्हणते, टॅटरसॉल माशांना श्रेय देतात. दहा आज्ञांपैकी नऊ वर आल्या. दहावी, शेजाऱ्याच्या बायकोचा, बैलाचा आणि गाढवाचा लोभ धरू नये ती, काही केल्या सुटेना. तिच्यावर गुलाब अजून आहे. मिस थ्वेटनी पाटीवर तिसरी ओळ घातली: खळ लावू नये. गल्लीच्या तोंडाशी सातवा खांब उभा राहिला.

पण सगळ्यांना आठवते ती त्या जुलैमधली एक संध्याकाळ. लख्ख उजेड, आयांच्या हाका, आणि रस्त्याच्या मधोमध नगरपालिकेचा अधिकारी मुलीच्या लाल सायकलवर, गुडघे कानांशी. हेझल मागून सीट धरून धावतेय. टॅटरसॉल कुंपणावरून ओरडतायत, "समोर बघ, समोर! खांबाकडे नको!" एडना खुर्ची टाकून दारात बसलेली. त्याच दुपारी त्याने लेनर्डला फोन केला होता. भाऊ रस्त्यांविषयी बोलले नाहीत म्हणे. दोन्ही निळ्या सायकलींविषयी बोलले.

"सोडू का, डॅड?"

"नको! अजिबात नको!"

तिने केव्हाच सोडली होती. नेव्हिल एकटा चालवत मिस थ्वेटच्या फाटकापर्यंत गेला, त्याला ते कळलं, आणि कळल्याबरोबर तो कुंपणाच्या झुडपात आडवा झाला. सगळी गल्ली श्वास रोखून उभी राहिली. झुडपातून आधी एक बूट बाहेर आला, मग चष्मा गळून पडलेला नेव्हिल.

आणि मागून हेझल टाळ्या पिटत ओरडली, "एक गुण, डॅड! एक गुण!"